'कर्मणी' संज्ञेचा इतिहास आणि इंग्रजीतील नेमके वाक्य

प्रस्तावना :

दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे परिचित असलेल्या बिद्री (ता. कागल, जि. कोल्हापूर) परिसरातील महाविद्यालयीन विद्यार्थी बहुधा मराठी माध्यमातून आलेला असतो. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी इयत्ता पहिलीपासून शिकविले जात असले, तरी अर्ज वा अहवाल लिहिताना ॲक्टिव्ह आणि पॅसिव्ह व्हॉइस यांतील निवड त्याला अडविते. या अडचणीचे मूळ केवळ सरावाच्या अभावात नाही. 'कर्मणी' या एकाच संज्ञेखाली दोन भिन्न रचना एकत्र आल्या, या इतिहासात ते शोधावे लागते, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

मराठीतील प्रयोगविचार :

विल्यम केरी यांनी १८०५ मध्ये सेरामपूर येथून मराठीचे व्याकरण इंग्रजीत प्रसिद्ध केले. त्यानंतर १८३६ मध्ये दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' आले आणि एतद्देशीय व्याकरणलेखनाचा पाया घातला गेला. मोरो केशव दामले यांच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरण' (१९११) या ग्रंथात पूर्वसूरींच्या मतांचा साक्षेपी परामर्श आढळतो. या परंपरेत कर्तरी, कर्मणी व भावे या संस्कृत संज्ञा रूढ झाल्या. परंतु मराठीत त्यांची कसोटी क्रियापद कोणाच्या लिंगवचनानुसार बदलते, ही ठरली.

'शेतकरी ऊस तोडतो' हे वाक्य कर्तरी आहे. तेच भूतकाळात 'शेतकऱ्याने ऊस तोडला' असे होताच कर्मणी बनते. कारण 'ऊस तोडला', 'शेंग तोडली', 'फळ तोडले' अशी क्रियापदाची रूपे कर्मानुसार बदलतात. याचे कारण ऐतिहासिक आहे. मराठीचा 'ल'कारयुक्त भूतकाळ संस्कृतातील कर्मणी भूतकालवाचक धातुसाधितांच्या परंपरेतून आला. मूळ रचनेची खूण रूपात उरली, अर्थ मात्र 'कर्त्याने काम केले' असाच राहिला. उलटपक्षी, प्राचीन मराठीत 'इज' प्रत्ययाचा खरा कर्मणी होता. आज 'म्हणजे' व 'पाहिजे' या नित्याच्या शब्दांत त्याचे अवशेष सापडतात. पण बोलणाऱ्यास त्यांतील कर्मणी अर्थ जाणवत नाही.

इंग्रजीशी गल्लत :

शालेय अध्यापनात 'ॲक्टिव्ह म्हणजे कर्तरी, पॅसिव्ह म्हणजे कर्मणी' असे समीकरण रूढ झाले. इंग्रजीत काळ बदलल्याने व्हॉइस बदलत नाही. म्हणून 'शेतकऱ्याने ऊस तोडला' याचे सरळ इंग्रजी 'द फार्मर कट द केन' असे पाच शब्दांचे होते. समीकरणावर विसंबणारा विद्यार्थी मात्र 'द केन वॉज कट बाय द फार्मर' असे सात शब्द लिहितो. वाक्य अशुद्ध नसते; पण लांबते, आणि मुळात नसलेला भर त्यात येतो. इंग्रजी पॅसिव्हला जवळची मराठी रचना 'ऊस शेतकऱ्याकडून तोडला गेला' ही होय. शालेय व्याकरणे तिला 'नवीन कर्मणी' म्हणतात व तिचा संबंध इंग्रजीच्या प्रभावाशी जोडतात.

संक्षेप आणि कर्ता :

इंग्रजी लेखनशास्त्रात विल्यम स्ट्रंक (१९१८) व जॉर्ज ऑर्वेल (१९४६) यांनी ॲक्टिव्ह रचनेचा पुरस्कार केला. तथापि पॅसिव्ह सर्वथा त्याज्य नाही. कर्ता अज्ञात वा अप्रस्तुत असेल, तर ती रचना उपयुक्त ठरते. 'द केन वॉज वेड' या चार शब्दांत उसाचे वजन झाल्याची वार्ता पूर्ण होते. वजन कोणी केले हे सांगण्याची तेथे गरज नसते. परंतु उसाचे बिल कोणी थांबविले, असा प्रश्न असता 'पेमेंट वॉज स्टॉप्ड' एवढेच लिहिणे अपुरे ठरते. तीन शब्दांत संक्षेप साधतो. उत्तरदायित्व मात्र नाहीसे होते.

हाच प्रश्न मराठीतही आहे. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ नुसार मराठीला राजभाषेचे स्थान मिळाले. कार्यालयीन मराठीत 'कळविण्यात येते', 'निर्णय घेण्यात आला' अशी वाक्ये आज सर्रास आढळतात. नोटीस वाचणाऱ्या सभासदाला निर्णय कळतो, निर्णय घेणारा कळत नाही. 'संचालक मंडळाने निर्णय घेतला' हे वाक्य व्याकरणाच्या कसोटीने कर्मणीच आहे. तरीही त्यात कर्ता स्पष्ट उभा असतो.

निष्कर्ष :

मराठीतील कर्मणी प्रयोग व इंग्रजीतील पॅसिव्ह व्हॉइस समानार्थी नाहीत, हे अध्यापनाच्या आरंभीच स्पष्ट करणे आवश्यक आहे. भाषांतर करताना 'ने' प्रत्यय पाहून पॅसिव्हकडे वळण्याऐवजी विद्यार्थ्याने प्रथम काम कोणी केले आणि ते सांगणे आवश्यक आहे काय, हे दोन प्रश्न विचारावेत. कर्ता महत्त्वाचा असेल तेथे ॲक्टिव्ह, अप्रस्तुत असेल तेथे 'बाय'विरहित पॅसिव्ह, हा विवेक साधला की वाक्य आपोआप आटोपशीर होते. हिशेब मागणाऱ्या सभासदाला आणि अर्ज लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला हा विवेक सारखाच उपकारक आहे.