सीमारेषा आणि न्यायमंदिराचें दार

सातपुड्याच्या पायथ्याशीं वसलेलें सोनाळा हें गांव बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यांत मोडतें, आणि तो तालुका जळगांव-जामोद या विधानसभा मतदारसंघांत. ही वांटणी करतो कोण, आणि ती अन्यायाची वाटल्यास दाद कोठें मागावी, हा प्रश्न दिसावयास लहान. पण तो लोकसत्तेच्या मुळाशीं जाऊन भिडतो.

राज्यघटनेच्या ३२९ व्या अनुच्छेदानें मतदारसंघांच्या आंखणीविषयींच्या कायद्याची वैधता न्यायालयांत वादविषय करण्यास मनाई केली आहे. पण आंखणी करणाऱ्या आयोगाचा हुकूम म्हणजे कायदा काय? उज्जैनचा मतदारसंघ राखीव झाला तेव्हां मेघराज कोठारी यांनीं हाच मुद्दा लढविला. १९६६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, राजपत्रांत प्रसिद्ध झालेल्या हुकुमास कायद्याचेंच बळ आहे. नाहीं तर जो तो तक्रार घेऊन उठेल आणि निवडणुका खोळंबतील.

या बंद दाराचा अर्थ बुलढाण्यास परका नाहीं. न्यायमूर्ति कुलदीप सिंग यांच्या आयोगाची आंखणी २००८ सालीं अमलांत आली. लोकसभेची बुलढाण्याची राखीव जागा २००९ पासून खुली झाली; आणि मलकापूर, जिल्हा तोच राहूनही, लोकसभेपुरतें खानदेशांतील रावेरशीं जोडलें गेलें. हें कोणास रुचो वा खुपो, हुकूम निघाल्यावर नागपूर खंडपीठाची पायरी चढून कांहीं हातीं लागण्याची आशा थोडीच होती.

उलट बाजूही पाहण्याजोगी आहे. अमेरिकेंत टेनेसी राज्यानें १९०१ नंतर फेरआंखणीच केली नाहीं; अखेर १९६२ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें असा वाद ऐकण्याचा अधिकार आपणांस असल्याचें ठरविलें. आमच्याकडेही २०२४ सालीं, गुजरातेंतील बारडोलीच्या आरक्षणाच्या खटल्यांत, सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, हुकूम उघड मनमानीचा व घटनेच्या मूल्यांशीं विसंगत असेल तर न्यायालयाचे हात बांधलेले नाहींत. त्या आरक्षणास मात्र त्यानें धक्का लावला नाहीं.

आम्हांस हा मार्ग योग्य वाटतो. ऐन निवडणुकींत दारास कुलूप हवेंच. पण त्याची किल्ली कोणापाशींच नसावी, हें लोकराज्यास शोभत नाहीं. तथापि ती किल्ली क्वचितच फिरेल. आंखणीचा मसुदा प्रसिद्ध होऊन हरकती ऐकल्या जातात, तोच सामान्य मतदाराचा खरा काळ. पुढील आंखणी होईल तेव्हां सोनाळ्याच्या शेतकऱ्यानें तो नकाशा हुकूम निघण्यापूर्वींच पाहिलेला असावा, एवढीच आमची इच्छा आहे.