निनांवी वीर

सातारा-सांगलीकडील देवळांच्या आवारांत उभे असलेले वीरगळ वाचकांनीं पाहिलेच असतील. वाई तालुक्यांतील किकली गांवीं तर ते पुष्कळ आहेत. खालीं लढतांना पडलेला वीर, त्यावर त्यास स्वर्गीं नेणाऱ्या अप्सरा, त्याहून वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर आणि माथ्यावर चंद्रसूर्य. नांव बहुधा नाहींच. तें सांगणारे गेले. शेंदूर लावणारे मात्र राहिले.

लंडनांत १९२० सालीं अज्ञात योद्ध्यास पुरलें, तें त्याची ओळख पटेना म्हणून. आमच्या शिपायांची गोष्ट निराळी. पहिल्या महायुद्धांत मेसोपोटेमियामध्यें, कुतच्या १९१५-१६ च्या वेढ्यांत, १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी अडकल्या होत्या. सातारा जिल्हा तर मराठा पलटणींच्या भरतीचें माहेरघर! पुढें बसऱ्यास स्मारक उभें राहिलें. त्यावर अंमलदारांचीं नांवें कोरलीं. साध्या हिंदी शिपायांचे मात्र पलटणवार नुसते आंकडे. हे शिपाई कांहीं अज्ञात नव्हते. ज्या सरकारनें नांव लिहून घेऊन त्यांस भरती केलें, त्याच्याच स्मारकावर तें नांव नसावें, यास आम्ही विस्मृति म्हणणार नाहीं. तो पंक्तिप्रपंच होय. युद्धसमाधि आयोगानेंही २०२१ सालीं ही विषमता कबूल करून क्षमा मागितली.