फळ्यामागचे डबे

गेल्या जूनमध्ये आमच्या मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला आणायला मी गेलो, तेव्हा खिडकीपलीकडच्या बाईंनी कारणाच्या रकान्यावर पेन टेकवून विचारले, "काय लिहू? बदली?" बदली हे मोठे सोयीचे कारण आहे. त्यात कुणाचाच दोष नसतो. पण माझी बदली झाली नव्हती आणि होणारही नव्हती. मी एका लहानशा विनाअनुदानित शाळेत मास्तर आहे. शिक्षण मॅट्रिकपुरते, दोन-तीन कादंबऱ्या नावावर, आणि त्या कादंबऱ्यांवर दिवाळीचे तेलसुद्धा येत नाही. मुलीच्या शाळेची फी त्या वर्षी पुन्हा वाढली होती. मी म्हणालो, "पालकांच्या इच्छेवरून, असे लिहा." बाईंनी लिहिले. मग वर न पाहता विचारले, "कुठल्या शाळेत घालताय?" मी म्हटले, "नगरपालिकेच्या हायस्कुलात." यावर त्यांनी ज्या सहानुभूतीने माझ्याकडे पाहिले, तशी घरात कुणी आजारी असल्यावर लोक पाहतात.

घरीही निराळे काही नव्हते. सासूबाई आठ दिवसांसाठी आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "जावईबापू, पोरीने काय गुन्हा केला हो?" पत्नी काही बोलली नाही, आणि तिचे न बोलणे मला सासूबाईंच्या बोलण्याहून जड जाते. मुलगी आठवीत जाणारी. तिने एकच प्रश्न विचारला, "बाबा, ही शाळा खालची आहे का?"

खालची म्हणजे काय, हे तिला सांगण्याआधी मला स्वतःला समजून घ्यावेसे वाटले. आपण खाजगी म्हणजे वरची आणि सरकारी म्हणजे खालची असे जे धरून चालतो, ते केव्हापासून? मास्तराला दुसरे काय सुचणार? कपाटातली जुनी पुस्तके काढून बसलो. धनंजय कीर आणि चांगदेव खैरमोडे यांनी लिहिलेली आंबेडकरांची चरित्रे पूर्वी वाचली होतीच. यावेळी मात्र पूर्वी कधी लक्ष न दिलेल्या एका ओळीशी अडखळलो. रामजी सुभेदार १९०४ च्या सुमारास साताऱ्याहून मुंबईला आले. त्यांनी भीमरावाला प्रथम मराठा हायस्कूल या खाजगी शाळेत घातले आणि नंतर तिथून काढून एल्फिन्स्टन हायस्कूल या सरकारी शाळेत नेले.

म्हणजे मी जे जून महिन्यात केले तेच. फरक एवढाच, की त्या काळी ही पायरी वर चढण्याची होती.

वाचकांना हे उलटे वाटेल, म्हणून थोडे मागे जाऊ. १८२७ साली गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबई सोडून गेला. त्याच्या स्मरणार्थ मुंबईच्या नागरिकांनी वर्गणी काढून शिक्षणाची सोय केली. तीच पुढे एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन. दादाभाई नौरोजी, न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर ही त्या संस्थेची मुले. तिच्या हायस्कूल शाखेला पुढे सर आल्बर्ट ससून यांच्या देणगीने धोबीतलावाजवळ दगडी, भव्य इमारत मिळाली. शिक्षण सरकारी, शिक्षक निवडक, नाव मोठे. याच्या तुलनेत खाजगी शाळा म्हणजे भाड्याच्या वाड्यात, देशभक्तीच्या आणि काटकसरीच्या बळावर चाललेली गोष्ट. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी नोकरी सोडली आणि २ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. टिळक त्यांना येऊन मिळाले, वर्षभराने आगरकर आले. शिक्षण स्वस्त करावे, ते आपल्या हाती असावे, हा त्यांचा आग्रह. तेव्हा खाजगी शाळेत शिकवणारा तो त्यागी, आणि सरकारी शाळेत शिकणारा तो भाग्यवान, असा तो हिशेब होता.

सरकारचे धोरणही याला पोषकच होते. १८५४ च्या वूडच्या खलित्याने खाजगी शाळांना अनुदान देण्याची रीत घालून दिली. १८८२ च्या हंटर कमिशनने तर सांगितले, की माध्यमिक शिक्षण हळूहळू लोकांकडे सोपवावे, सरकारने जिल्ह्याला एखादे हायस्कूल नमुना म्हणून ठेवले की पुरे. नमुना! आज नगरपालिकेच्या शाळेच्या गळक्या कौलांकडे पाहताना हा शब्द आठवला की हसू येते, आणि हसू आल्याची लाजही वाटते.

पण रामजींनी केवळ मोठ्या नावासाठी मुलाला तिकडे नेले असेल असे मला वाटत नाही. ते स्वतः मास्तर होते. लष्करी शाळेचे ते चौदा वर्षे हेडमास्तर होते, हे आपण विसरतो. मुलाकडून हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतरमाला घोटून घेणारा बाप शाळा निवडताना इमारतीपुरते पाहणार नाही. शाळेचे दार कुणाच्या हातात आहे, हे तो पाहील. आणि त्या दाराचा इतिहास रामजींच्या पिढीला अंगावर सोसून माहीत होता.

१८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. मिळाला नाही. त्याने थेट मुंबई सरकारकडे अर्ज केला. सरकारने उत्तर काढले, त्याचा मथितार्थ असा, की न्याय अर्जदाराच्या बाजूला आहे हे खरे, पण एका मुलासाठी दार उघडले तर बाकीची मुले शाळा सोडतील आणि शाळाच निरुपयोगी होईल. न्याय तुझा, शाळा त्यांची! प्रकरण वर गेले. विलायतेतल्या कंपनीच्या डायरेक्टरांनी १८५८ साली कळवले, की सरकारी शाळा सर्व वर्गांच्या लोकांना खुल्या असाव्यात हाच आमचा हेतू आहे. हंटर कमिशनने पुढे तेच तत्त्व उचलून धरले. खाजगी शाळेचा चालक मर्जीने दार उघडतो आणि मर्जीने लावतो. सरकारी दारावर मात्र निदान कागदाचा एक तुकडा डकवलेला होता. त्या अनाम मुलाने तो मिळवून दिला. त्याचे पुढे काय झाले असेल, हा विचार मला फार वेळ सोडत नाही.

कागदाच्या बळावर दार उघडते, पण बाकावर कोण बसू देतो? साताऱ्याच्या सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवाचे नाव पटावर चढले. हा दिवस आज महाराष्ट्रात विद्यार्थी दिन म्हणून पाळतात. नाव चढले, पण बसायला घरून आणलेले गोणपाट. ते संध्याकाळी घरीच परत न्यायचे, कारण शाळेचा शिपाई त्याला हात लावीत नसे. तहान लागली तर शिपायाने नळ सोडला पाहिजे. शिपाई नसला तर पाणी नाही. हे आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवले आहे.

मुंबईला निराळे असेल, असे रामजींना वाटले असणार. राहायला परळची डबक चाळ. एकच खोली. तिच्यात संसार, धूर, भांडी आणि माणसे. मुलाच्या अभ्यासासाठी बापाने एक युक्ती काढली. भीमरावाने लवकर झोपायचे. रात्री दोन वाजता रामजींनी त्याला उठवायचे आणि त्याच्या जागी स्वतः आडवे व्हायचे. उशाशी जाते, पायथ्याशी शेळी, आणि काच नसलेल्या दिव्याची फडफडती वात. दोघांचे शिक्षण पेलेना, तेव्हा थोरल्या आनंदरावाने शाळा सोडून नोकरी धरली. (चरित्रांत हे वाक्य एका ओळीत संपते. ज्या घरातून एक मुलगा पुढे जातो त्या घरात बहुधा असा एक आनंदराव असतो.) आणि पुस्तके? रामजी मुंबईत दिलेल्या लेकीच्या घरी जात, रुपया-दोन रुपये उसने मागत. ते नसले तर लेक अंगावरचा दागिना काढून देई. तो मारवाड्याकडे जाई. पेन्शन आली की सुटून परत लेकीच्या अंगावर चढे. पुन्हा पुस्तक लागले की पुन्हा मारवाडी. लेकीकडे हात पसरताना त्या निवृत्त सुभेदाराला काय वाटत असेल! माझी तर साधी फी वाढली होती.

आता ते एल्फिन्स्टन हायस्कूल. नमुना शाळा. एके दिवशी शिक्षकांनी भीमरावाला गणित सोडवायला फळ्याकडे बोलावले. तो उठला आणि वर्गात एकच गलका झाला. फळ्यामागे मुलांचे जेवणाचे डबे ठेवलेले असत. त्याचा हात फळ्याला लागण्यापूर्वी ते डबे उचलण्यासाठी मुले धावली. डबे बाजूला ओढले गेले, फेकले गेले, आणि मग तो फळ्यापाशी पोचला. गणिताचे काय झाले असेल ते कुणाला आठवणार? मी वीस वर्षे फळ्याशी उभा राहून शिकवतो आहे. पण हा प्रसंग या खेपेला वाचला, तेव्हा दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्याकडे पाठ करताना क्षणभर मला अवघडल्यासारखे झाले. त्या शिक्षकाने काय केले, मुलांना दटावले का, हे कथेत येत नाही. न येण्याचा अर्थ कुठलाही मास्तर ओळखेल.

संस्कृत शिकण्याची इच्छा होती, तीही हायस्कुलात पुरी होऊ शकली नाही. फारसी घ्यावी लागली. पुढे ते स्वतःच्या कष्टाने संस्कृत शिकले ही गोष्ट वेगळी.

शाळा सुटल्यावर तो मुलगा चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसे. तिथे कृष्णराव अर्जुन केळुसकर येत. तेही शिक्षक आणि लेखक, म्हणून मला त्यांच्याविषयी जरा जास्तच आपुलकी आहे. रोज एकटा वाचत बसणारा मुलगा त्यांनी पाहिला, चौकशी केली, आणि स्वतःजवळची पुस्तके त्याला द्यायला लागले. ते काही त्याच्या शाळेचे शिक्षक नव्हते. कुठल्याही पटावर हे नाते लिहिलेले नाही.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाला. गुण सातशे पन्नासपैकी दोनशे ब्याऐंशी. हा आकडा मी आमच्या शाळेत मुद्दाम सांगतो, म्हणजे साडेनव्वद टक्के मिळाले म्हणून रडणाऱ्या मुलांच्या आया जरा शांत होतात. अस्पृश्य समाजातला मुलगा मॅट्रिक होणे ही त्या दिवसांत इतकी दुर्मिळ गोष्ट होती, की त्याच्या सत्काराची सभा भरली. अध्यक्ष सीताराम केशव बोले. केळुसकरांनी त्या सभेत स्वतः लिहिलेले बुद्धाचे चरित्र त्याला भेट दिले. नंतर त्यांनीच बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे त्याची गाठ घालून दिली, आणि महिना पंचवीस रुपये शिष्यवृत्तीवर त्याचे एल्फिन्स्टन कॉलेजातले शिक्षण पुढे चालले.

इथे बोल्यांचे नाव जरा लक्षात ठेवा. त्या सभेला सोळा वर्षे झाल्यावर, १९२३ च्या ऑगस्टमध्ये, याच बोल्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात ठराव आणला, की सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, कचेऱ्या, दवाखाने यांचा उपयोग अस्पृश्यांना करू द्यावा. ठराव मंजूर झाला. त्याच ठरावाच्या आधाराने महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले, आणि जाहीर होऊनही ते खुले झाले नाही म्हणून २० मार्च १९२७ रोजी आंबेडकर हजारो लोकांसह त्या तळ्यावर गेले. कागद आणि पाणी यांच्यामधले अंतर त्यांना साताऱ्याच्या नळापासून ठाऊक होते.

आणि १९२८ साली सायमन कमिशनपुढे अस्पृश्यांच्या शिक्षणाविषयी निवेदन देताना त्यांनी जुनी सरकारी कागदपत्रे मांडली. त्यांत धारवाडच्या त्या मुलाचा १८५६ चा अर्ज आणि त्यावरचे सरकारचे उत्तर होते. बहात्तर वर्षांनी त्या अर्जदाराला वकील मिळाला, तो असा.

हे सगळे मी मुलीला सांगितले. दिव्याचे, शेळीचे आणि डब्यांचे तिला विशेष वाटले. कमिशनांची नावे आली तेव्हा ती जांभया देत होती, आणि त्यात तिची चूक नाही. "मग ती शाळा वरची होती की खालची?" तिने विचारले. मी म्हटले, "नाव वरचे होते." "आणि आपली?" मी म्हटले, "जाऊन बघ आणि मला सांग."

पहिल्या दिवशी मी फाटकापर्यंत गेलो. पत्नी घरूनच पाहत होती. शाळेचे कौल दोन ठिकाणी फुटलेले, फळा मधोमध पांढरट पडलेला, आणि मुलांमुलींची ही गर्दी. हमालाची, भाजीवालीची, पोलिसाची, बिहारहून आलेल्या सुताराची मुले. हेडमास्तरांनी दाखला पाहिला, नाव लिहून घेतले, आणि विचारले फक्त एवढेच, की पाण्याची बाटली आणली आहे का, कारण टाकी दुपारपर्यंत पुरत नाही.

संध्याकाळी ती आली तेव्हा सासूबाई ओट्यावरच बसल्या होत्या. "काय गं, जेवलीस कुठे? डबा तर तसाच आलाय."

"आज सगळ्यांना खिचडी होती आजी. व्हरांड्यात ओळीने बसलो."

"कुणाकुणाच्या ओळीत?"

"वर्गाच्या." तिने दप्तर खुंटीला अडकवले. "मीठ कमी होतं. उद्या मी घरून मिठाची पुडी नेणार आहे, शेजारची म्हणाली तिलाही दे."

पत्नी आत गेली आणि कागदाच्या तुकड्यात मीठ बांधू लागली. पुडी जरा मोठीच झाली.