खाडीपलीकडे सोडलेली जनावरे

नको असलेले मांजर पोत्यात घालून खाडीपलीकडे नेऊन सोडायचे, ही कोकणातली जुनी रीत. पुढच्या आळीत सोडले तर ते आपल्याआधी घरी पोचते, म्हणून मध्ये पाणी हवे. मारायचे नाही, कारण पाप लागते. ठेवायचेही नाही, कारण परवडत नाही. या दोहोंमधली सोयीची जागा म्हणजे पलीकडचा किनारा. पलीकडच्या गावालाही हीच रीत ठाऊक असल्याने तिकडची मांजरे इकडे येत आणि हिशेब बहुधा बरोबरीत सुटत असावा.

हल्ली आपण वाचवलेल्या जनावराला ‘नवे घर’ मिळाले असे म्हणतो, ‘दत्तक’ हा शब्दही त्यासाठी रूढ झाला आहे. शब्द नवे असले तरी प्रश्न जुना आहे: जनावर इथून हलवायचे तर न्यायचे कुठे, आणि तिथला खर्च कोणी उचलायचा? मुंबई बेटावर हा प्रश्न जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी इतका पेटला की रस्त्यावर लष्कर आणावे लागले. रायगडच्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी तो इतिहास मुद्दाम पाहावा, कारण मुंबईच्या हिशेबात ‘पलीकडे’ म्हणजे पुष्कळदा आपणच असतो.

मोकाट कुत्री मारण्याचा नियम मुंबईत १८१३ पासून होता. उन्हाळ्यात कुत्री पिसाळतात या समजुतीने वर्षातला ठरावीक काळच त्यासाठी नेमलेला होता. १८३२ साली पोलीस मॅजिस्ट्रेटने ही मुदत वाढवली. मारलेल्या कुत्र्यामागे बक्षीस मिळे, त्यामुळे मारणारे रस्त्यावरच्या कुत्र्यांवर थांबेनात. लोकांच्या आवारात शिरून पाळलेली कुत्रीही ओढून नेऊ लागले. बक्षीस मुंडक्यावर ठरले की मुंडके कोणाचे हे कोणी पाहत नाही.

पारशांच्या धर्मात कुत्र्याचे स्थान वेगळे आहे. मृताच्या अंत्यविधीत कुत्र्याची नजर प्रेतावर पडावी लागते. या विधीला ‘सगदीद’ म्हणतात. कुत्र्याला मारणे हे त्यांच्या धर्मग्रंथांनी मोठे पातक मानले आहे. ६ जून १८३२ हा पारशांच्या दृष्टीने पवित्र दिवस होता. त्या दिवशी कोटात कुत्री मारत फिरणाऱ्या शिपायांवर जमाव चालून गेला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद झाला. पारशांबरोबर जैन आणि वैष्णव व्यापारी उतरले, इस्माइलीही आले. मुंबईतल्या गोऱ्या पलटणीला रोजचे पाव, मांस आणि पाणी पुरवणारे बहुतेक लोक याच समाजांतले होते. त्यांनी कुलाब्याच्या छावणीकडे जाणारी रसद अडवली आणि मग सरकार हलले. (हा कुलाबा मुंबई बेटाच्या दक्षिण टोकाचा. अलिबागचा कुलाबा किल्ला तेव्हा आंग्र्यांच्या राज्यात होता. ते राज्य कंपनीने १८४० साली खालसा केले. कुलाबा जिल्ह्याचा रायगड जिल्हा झाला तो १९८१ साली.) लष्कर आले, धरपकड झाली, काहींना शिक्षा झाल्या.

इतिहासकार जेसी पाल्सेटिया यांनी या दंगलीवर तपशीलवार लिहिले आहे. त्यांचा भर पारशी समाज आणि कंपनी सरकार यांच्यातल्या बदलत्या नात्यावर आहे. मला मात्र दंगलीनंतरची वाटाघाट अधिक महत्त्वाची वाटते. जमशेटजी जिजीभाई आणि इतर शेठ मंडळींनी पुढे होऊन रदबदली केली आणि एक मधला मार्ग पुढे आला: कुत्री मारू नयेत, पकडून शहराबाहेर न्यावीत. बेटावर वसलेल्या शहराला ‘बाहेर’ म्हणजे पाणी. उत्तरेला साष्टी, पूर्वेला बंदर ओलांडून उरण-पनवेलचा किनारा. म्हणजे पोत्यातल्या मांजराचाच न्याय, फक्त आता सरकारी कागदावर.

तो न्याय पुरेसा नाही हे व्यापाऱ्यांच्या लवकरच ध्यानात आले असावे, कारण दोनच वर्षांनी, ऑक्टोबर १८३४ मध्ये, जमशेटजी जिजीभाई आणि जैन व्यापारी मोतीशाह शेठ यांच्या पुढाकाराने भुलेश्वरला पांजरापोळ उभी राहिली. कल्पना नवी नव्हती. सुरतेला असे आश्रयस्थान शतकापूर्वीच नावाजलेले होते. १६८९ साली सुरतेस आलेल्या ओव्हिंग्टन या इंग्रज पाद्र्याने तिथल्या म्हाताऱ्या बैलांचे आणि घोड्यांचे वर्णन केले आहे. ढेकूण-पिसवांचीही सोय तिथे होती म्हणे; त्यांची उपासमार होऊ नये म्हणून एखाद्या गरिबाला पैसे देऊन रात्रभर खाटेवर झोपवत! यातला अतिशयोक्तीचा भाग वाचकाने आपापल्या मगदुराप्रमाणे काढून टाकावा. सुरतेचा व्यापार मुंबईस आला, त्याच्याबरोबर व्यापाऱ्यांची ही संस्थाही आली.

मुंबईच्या पांजरापोळीचे खरे वैशिष्ट्य तिच्या दयेत नाही, तिच्या जमाखर्चात आहे. देणगीवर जनावरे फार दिवस जगत नाहीत. देणगीदार एकदा देतो, बैल रोज खातो. म्हणून व्यापाऱ्यांनी कापसासारख्या मालाच्या उलाढालीवर आपखुशीने एक लहानसा ‘लागा’ बसवून घेतला. माल हलला की पैसा दोन पैसे पांजरापोळीच्या खाती जमा. शहराचा व्यापार वाढेल तशी वैरण वाढेल, अशी ही बांधणी होती. शहरातल्या तबेल्या-गोठ्यांसाठी लागणारे गवत आणि भाताचा पेंढा मोठ्या प्रमाणावर खाडीकाठच्या गावांतून पडावांत भरून येई. भुलेश्वरची जागा पुढे अपुरी पडली, तेव्हा संस्थेने चेंबूरला आणि कल्याणजवळ रायते इथे जागा केल्या. मुंबईहून फ्रीवेने पनवेल-अलिबागकडे येणारा प्रवासी बोगद्यातून बाहेर पडतो त्या नाक्याला आजही पांजरापोळ म्हणतात. नावामागे जनावरे आहेत हे फारसे कोणाच्या मनात येत नाही.

गोरक्षण संस्था आणि पांजरापोळ यांत फरक आहे. डेरिक लॉड्रिक या भूगोलतज्ज्ञाने १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात तो नीट मांडला आहे. गोशाळेत गाय मुख्य असते आणि दूधही असते. जैन परंपरेतल्या पांजरापोळीत लंगडा घोडा, पंख तुटलेले कबुतर, आंधळी शेळी, सर्वांना प्रवेश असतो आणि उपयोगाचा प्रश्न विचारला जात नाही. मराठीत ‘ही काय पांजरपोळ आहे का?’ असे आपण कचेरीतल्या निरुपयोगी माणसांबद्दल म्हणतो, ते याच अर्थाने.

लंडनमध्ये १८६० साली मेरी टील्बी या बाईंनी हरवलेल्या आणि उपाशी कुत्र्यांसाठी घर काढले; १८७१ मध्ये ते बॅटर्सीला गेले आणि त्याच नावाने जगभर प्रसिद्ध झाले. आजच्या ‘दत्तक’ पद्धतीचे मूळ अशाच घरांत आहे. तिथे कुत्रे काही दिवस ठेवत. मालक आला तर परत देत, नाहीतर नवा मालक शोधत. कोणीच आले नाही तर मारत. नव्या घराच्या पाठीशी मुदत होती, आणि मुदतीच्या पाठीशी मरण. भुलेश्वरला मुदत नव्हती. आत आलेले जनावर मरेपर्यंत तिथेच राहायचे, म्हणून त्याला नवे घर शोधण्याची गरजही कोणाला वाटली नाही. परिणामी गर्दी, रोगराई आणि अर्धपोटी जगणे. युरोपीय प्रवाशांनी पांजरापोळींची नालस्ती केली ती सगळीच आकसाने केली असे म्हणता येणार नाही. पण नुसते हात न रंगवल्याचे समाधान जसे पांजरापोळीत होते, तसे नुसते चांगली घरे मिळाल्याचे समाधान बॅटर्सीत होते. दोन्हीकडे एक दालन असे होते ज्याकडे पाहायचे नाही.

मुंबईतच तिसरी वाट निघाली ती इस्पितळाची. प्राणिक्रूरता प्रतिबंधक मंडळी १८७४ मध्ये स्थापन झाली आणि पुढच्या दशकात परळला दिनशा माणेकजी पेटिट यांच्या पत्नीच्या नावाचे बाई साकरबाई इस्पितळ उघडले. त्याच परिसरात १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. इस्पितळात जनावर बरे होऊन परत जाते. पण ज्याला परत जायला मालकच नाही त्याचे काय? त्याचे उत्तर विसाव्या शतकात पुष्कळ वर्षे महापालिकेने दिले: पकडा आणि मारा. ज्या शहराने १८३२ साली यासाठी दंगल केली, त्याच शहरात हे बिनबोभाट चालले. १९९४च्या सुमारास मुंबई निर्बीजीकरणाकडे वळली आणि २००१ साली केंद्राच्या नियमांनी देशभर तेच धोरण केले. पकडायचे, शस्त्रक्रिया करायची, रेबीजची लस टोचायची आणि जिथून उचलले तिथेच सोडायचे. या धोरणाने रस्त्यालाच घर मानले. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतली कुत्री आश्रयस्थानांत हलवण्याचा आदेश ११ तारखेला दिला आणि २२ तारखेला तो बदलून लस दिलेली, निर्बीज केलेली कुत्री जागच्या जागी सोडायला सांगितले. पिसाळलेली आणि आक्रमक तेवढी वगळली. अकरा दिवसांत १८३२चा सारा वाद पुन्हा होऊन गेला.

जागच्या जागी सोडण्यामागे भावना कमी आणि अनुभव जास्त आहे. आपल्याकडचा सर्वांत कडू अनुभव जुन्नरचा. २००१ नंतर तिथल्या उसात पकडलेले बिबटे चाळीसेक किलोमीटरवरच्या जंगलात सोडले जाऊ लागले. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी नंतर आकडे तपासले तेव्हा दिसले की माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते ते १७ वर गेले होते. हलवल्याने संकट कमी झाले नाही, वाढले. २००९ साली नगर जिल्ह्यात विहिरीतून काढलेला एक वयस्क बिबट्या गळ्यात पट्टा बांधून माळशेजला सोडला. तो कसारा, वसई असे करत सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाकडे गेला. त्याला ‘आजोबा’ म्हणत. २०११ मध्ये महामार्गावर वाहनाखाली सापडून तो मेला. त्याच्यासाठी जंगल माणसांनी निवडले होते, पण त्याने आपले निवडले. पोत्यातले मांजर घरी परत येते, त्यातलाच हा प्रकार. फक्त बिबट्याची घरची व्याख्या मोठी.

आता आपल्या किनाऱ्याकडे. मांडव्यापासून अलिबाग, मुरूड, दिवेआगर, हरिहरेश्वरपर्यंत गेल्या दोन-तीन दशकांत फार्महाऊसे आणि होमस्टे उभे राहिले. शनिवार-रविवारी माणसे येतात, उरलेल्या दिवसांत वाडीत केअरटेकर आणि एखादे कुत्रे. पिल्लू मोठे झाले, फ्लॅटमध्ये मावेना, की ‘गावाला मोकळी जागा आहे’ म्हणून ते इकडे येते. मालकाच्या मनात हे नवे घरच असते. वाडी विकली गेली की कुत्रे पुळणीवर येते. पर्यटकांच्या उष्ट्यावर जगते आणि तिथेच विते.

त्याच पुळणीवर हिवाळ्यात रात्री ऑलिव्ह रिडले कासविणी अंडी घालायला येतात. खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालतात, वाळू लोटतात आणि मागे न पाहता समुद्रात जातात. १९७२च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असलेला हा प्राणी, पण त्याची अंडी कोल्हे आणि कुत्री उकरतात, आणि माणसेही नेत. २००२ साली बाणकोट खाडीच्या पलीकडे वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना घेऊन संरक्षणाचे काम सुरू केले. पुढे ते रायगडच्या हरिहरेश्वर, मारळ, दिवेआगर या किनाऱ्यांवरही पोचले. अंडी हलवून जाळीच्या कुंपणात, हॅचरीत पुरतात. घर बदलण्याचे काम इतक्या निगुतीने दुसऱ्या कुठल्या जनावरासाठी होत असेल असे वाटत नाही. मूळ खड्डा जितका खोल तितकाच नवा, तोंड अरुंद आणि तळ रुंद, तोही तसाच. अंडे हातात फिरवायचे नाही, कारण आतला गर्भ कवचाला चिकटलेला असतो आणि उलटले तर मरतो. वाळूच्या उष्णतेवर पिल्लू नर की मादी हे ठरते, म्हणून सावलीचाही विचार करावा लागतो. सुमारे पन्नास दिवसांनी पिल्ले वर येतात आणि कासवमित्र त्यांना भरतीच्या रेषेजवळ सोडतात.

एका जनावराला आपण निष्काळजीपणे या किनाऱ्यावर घर दिले, म्हणून दुसऱ्याचे घर काळजीपूर्वक हलवावे लागते. कुत्र्यांना उचलून आणखी पलीकडे नेता येत नाही. पलीकडेही पुळण आहे आणि तिथेही कासवे येतात. राहतो तो निर्बीजीकरणाचा मार्ग. २०२३च्या नियमांनी ती जबाबदारी स्थानिक संस्थांवर, म्हणजे आपल्याकडे ग्रामपंचायतींवरही, टाकली आहे. त्यासाठी पशुवैद्य हवा, शस्त्रक्रियेनंतर चार दिवस ठेवायला पिंजरे हवेत, गाडी हवी, आणि हे एका वर्षापुरते करून भागत नाही. दोन-तीन हजार वस्तीच्या गावाकडे यातले काहीच नसते. पण समुद्रावर येणाऱ्या गाड्यांकडून काही ग्रामपंचायती पर्यटन कर घेतात. दर पावतीतले दोन रुपये वेगळे काढून चार-पाच गावांनी मिळून एक शस्त्रक्रियागृह चालवले, तर तो भुलेश्वरच्या व्यापाऱ्यांचा ‘लागा’च होईल. गाड्या वाढतील तशी कुत्री वाढतात, आणि त्याच हिशेबाने पैसाही वाढेल.