लॉरी, ऑलिव्हर हाउ

लॉरी, ऑलिव्हर हाउ : (१८ जुलै १९१०–२९ जून १९९६). अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ. विज्ञानात सर्वाधिक वेळा संदर्भ दिला गेलेला शोधनिबंध त्यांच्या नावावर आहे. मराठी कानाला ‘लॉरी’ म्हटले की मालमोटार आठवते. जीवरसायनाच्या विद्यार्थ्याला मात्र निळी परीक्षानळी आठवते.

जन्म शिकागो येथे. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात रासायनिक अभियांत्रिकी शिकल्यावर ते जीवरसायनाकडे वळले. १९३७ मध्ये शिकागो विद्यापीठातून त्यांनी पीएच.डी. आणि एम.डी. या दोन्ही पदव्या मिळवल्या. पुढे हार्व्हर्ड, कोपनहेगनची कार्ल्सबर्ग प्रयोगशाळा आणि न्यूयॉर्क असा प्रवास झाला. न्यूयॉर्कमध्ये ऑटो बेसी यांच्याबरोबर त्यांनी शाळकरी मुलांच्या बोटातून घेतलेल्या थेंबभर रक्तात जीवनसत्त्वे मोजण्याच्या पद्धती बसवल्या. थोडक्यातले थोडके मोजायचे, हा त्यांचा छंद तिथे पक्का झाला. १९४७ मध्ये ते सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात औषधशास्त्र विभागाचे प्रमुख झाले आणि अखेरपर्यंत तिथलेच राहिले.

तो प्रसिद्ध निबंध ‘जर्नल ऑफ बायॉलॉजिकल केमिस्ट्री’च्या १९३व्या खंडात १९५१ साली छापला गेला. विषय अगदी साधा : द्रावणात प्रथिन किती आहे, हे फोलिन अभिकर्मकाने कसे मोजावे. कल्पनाही कोरी नव्हती. १९२२ मध्येच वू यांनी हा अभिकर्मक प्रथिनांसाठी वापरला होता. लॉरी आणि सहकाऱ्यांनी त्यातल्या खाचाखोचा एकेक करून तपासल्या. नमुन्यात आधी मोरचूद, टार्ट्रेट आणि सोडा यांचे अल्कधर्मी द्रावण घालून दहा मिनिटे थांबायचे, मग फोलिन टाकून नळी तत्क्षणी हलवायची. इथे हात रेंगाळला की खेळ संपला, कारण अल्कधर्मी द्रावणात हा अभिकर्मक टिकत नाही. अर्ध्या तासात निळा रंग चढतो. तो जितका गडद, तितके प्रथिन जास्त. बाययुरेट पद्धतीपेक्षा ही पद्धत शंभरपट संवेदनशील होती. डिटर्जंट, ट्रिस बफर अशा कितीतरी पदार्थांनी तिचे आकडे बिघडतात, तरी ती टिकली.

निबंध छापण्याची लॉरींना घाई नव्हती. ही पद्धत वापरणाऱ्या अर्ल सदरलंड (पुढे १९७१चे नोबेल मानकरी) यांना संदर्भ द्यायला काहीतरी छापील हवे होते; त्यांच्या आग्रहामुळे निबंध बाहेर पडला, असे सांगितले जाते. थोडक्यात, पुढच्या लाखो संदर्भांची सुरुवात एका संदर्भाच्या गरजेतून झाली.

२०१४ मध्ये ‘नेचर’ने सर्वाधिक संदर्भ लाभलेल्या शंभर निबंधांची यादी छापली. त्यात लॉरींचा निबंध ३ लाख ५ हजारांहून अधिक संदर्भांसह पहिला होता. दुसरा लेम्ली यांचा (१९७०) आणि तिसरा ब्रॅडफर्ड यांचा (१९७६), म्हणजे तिन्ही प्रथिनांच्या प्रयोगशाळेतल्या रोजच्या हत्यारांविषयीचे. डीएनएच्या दुहेरी सर्पिलाची रचना सांगणारा १९५३चा निबंध त्या शंभरांत नाही. संदर्भांची संख्या वापर मोजते, थोरवी नव्हे, हे दाखवायला याहून चांगले उदाहरण मिळणार नाही. लॉरींचेही मत वेगळे नव्हते. हा निबंध काही थोर नाही, आपल्याला आपले इतर काम जास्त आवडते, असे ते म्हणत. मात्र लोकांच्या प्रतिसादाने मनातून गुदगुल्या होतात, हेही त्यांनी कबूल केले होते.

ते ‘इतर काम’ खरोखर मोठे होते. मेंदूचे गोठवून वाळवलेले काप घेऊन त्यातली एकेक चेतापेशी ते क्वार्ट्झच्या तंतूच्या तराजूत तोलत आणि तिच्यातली विकरे मोजत. जॅनेट पॅसोनो यांच्याबरोबरचे त्यांचे सहकार्य दीर्घकाळ चालले. विकरांच्या चक्रीय अभिक्रियेने सूक्ष्म मात्रा हजारो पटींनी वाढवून मोजण्याचे तंत्र त्यातूनच आले. दोघांचा विकरी विश्लेषणावरचा ग्रंथ १९७२ मध्ये निघाला. १९९०च्या आत्मकथनपर लेखाला लॉरींनी दिलेल्या शीर्षकाचा आशय असा : अलौकिक बुद्धी नसताना संशोधनात यशस्वी कसे व्हावे.

१९५१च्या निबंधावर आणखी तीन नावे होती : रोझब्रो, फार आणि रँडल. संदर्भसूचीत ती ‘आणि इतर’मध्ये गेली. पुढे पद्धत इतकी अंगवळणी पडली की पुष्कळ लेखक संदर्भही देईनासे झाले, त्यामुळे खरा वापर मोजलेल्या आकड्याहून मोठाच असणार. आपल्याकडच्या जीवरसायनाच्या प्रात्यक्षिकाच्या वहीत तर ‘लॉरी पद्धत’ एवढाच मथळा असतो. खाली तक्ता आणि आलेखाची सरळ रेघ.