जुनी आवृत्ती पुसायची नसते

फोनवरचं ॲप अपडेट झालं की जुनं ॲप गायब होतं. ओळखीचं बटण सापडत नाही म्हणून दोन दिवस चिडचिड होते, तिसऱ्या दिवशी सवय होते. फोन आपल्या एकट्याचा असतो, म्हणून हे चालून जातं. शेकडो संशोधक एकाच वेळी वापरतात त्या संगणकावर, म्हणजे क्लस्टरवर, असं चालत नाही. मी बुलढाणा जिल्ह्यातली. गेली काही वर्षं अशाच एका क्लस्टरवर सॉफ्टवेअर बसवायचं काम करते. गावी कुणी विचारलं की सांगायला हे काम फार किरकोळ वाटतं. पण त्याचा इतिहास पाहिला तर तो थेट आपल्या पेरणीपर्यंत येतो.

सुरुवात पावसापासूनच झाली. १९८० च्या दशकाच्या शेवटी हवामानाच्या अंदाजासाठी अमेरिकेचा क्रे एक्स-एमपी हा महासंगणक दिल्लीत आला. त्याहून ताकदवान यंत्र द्यायला अमेरिका तयार नव्हती. म्हणून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली. तिचं नेतृत्व विजय भटकरांकडे होतं. ते आपल्या शेजारच्या अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला आणि त्याचं कौतुक आजही होतं.

त्या कौतुकात एक गोष्ट मागे राहते. परम ८००० मध्ये ट्रान्सप्युटर नावाच्या चिप्स होत्या. पुढे ‘परम १००००’ आला १९९८ मध्ये, त्यात अल्ट्रास्पार्क. ‘परम पद्म’मध्ये आयबीएमच्या पॉवर चिप्स, २००८ च्या ‘परम युवा’मध्ये इंटेलच्या. चिप बदलली की जुना तयार प्रोग्रॅम नव्या यंत्रावर चालत नाही. मूळ कोड घ्यायचा, तो नव्या चिपच्या भाषेत आणणारा कंपायलर घ्यायचा, लागणाऱ्या लायब्रऱ्या आधी बसवायच्या आणि सगळं पुन्हा बांधायचं. यंत्राचं उद्घाटन एका दिवसात होतं, हे काम महिनोन् महिने चालतं.

त्यात यंत्र सामायिक. एकाला लायब्ररीची नवी आवृत्ती हवी असते, दुसऱ्याचा पीएचडीचा प्रोग्रॅम फक्त जुन्यावर चालतो. दोघांचंही बरोबर असतं. यावरचा तोडगा १९९१ मध्येच जॉन फुर्लानी यांनी मांडला होता. त्याला ‘मॉड्यूल्स’ म्हणतात. प्रत्येक आवृत्ती वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायची. वापरणाऱ्यानं ‘मॉड्यूल लोड’ म्हणून हवी ती निवडायची. संगणक फक्त कुठल्या फोल्डरमध्ये शोधायचं तो रस्ता बदलतो. नवं येतं, पण जुनं हलत नाही. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत ‘स्पॅक’ सुरू झालं. त्यात आवृत्ती कोणती, कंपायलर कोणता, खाली कुठल्या लायब्रऱ्या आहेत, या सगळ्यावरून प्रत्येक बांधणीला तिची स्वतःची खूण मिळते.

एवढा खटाटोप कशासाठी? याचं उत्तर १९६१ मधलं आहे. एडवर्ड लॉरेन्झ संगणकावर हवामानाचं गणित सोडवत होते. आधीची आकडेमोड पुन्हा करताना त्यांनी ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ एवढंच टाकलं. थोड्या वेळानं हवामान पूर्ण वेगळं निघालं. आता विचार करा, कंपायलर बदलला की बेरजा करायचा क्रम बदलू शकतो आणि शेवटच्या दशांशात किंचित फरक पडू शकतो. विज्ञान तेच, कोड तोच, फक्त बांधणी नवी, आणि दहाव्या दिवसाचा पाऊस वेगळा.

पुण्याच्या आयआयटीएममध्ये, म्हणजे भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत, हा प्रश्न रोजचा आहे. २०१२ मध्ये सुरू झालेल्या मान्सून मिशनमध्ये अमेरिकेचं सीएफएस हे मॉडेल तिथं आणून मान्सूनसाठी घडवलं गेलं. असं मॉडेल भरवशाचं आहे का हे पाहायला ते मागच्या अनेक वर्षांसाठी चालवतात. २००२ च्या दुष्काळी पावसाळ्याबद्दल त्यानं आधी काय सांगितलं असतं, हे तपासतात. ही परीक्षा त्या आवृत्तीची असते. आवृत्ती बदलली की जुने गुण नव्याला चिकटवता येत नाहीत, परीक्षा परत घ्यावी लागते.

२०१८ मध्ये तिथं ‘प्रत्युष’ आला, २०२४ मध्ये ‘अर्क’. मे २०२५ मध्ये जाहीर झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ ६ किलोमीटरच्या चौकटीत अंदाज देते, आधी ती चौकट साधारण १२ किलोमीटरची होती. आपल्याकडे याचा अर्थ लगेच कळतो. घाटावर चिखलीत धो धो आणि घाटाखाली नांदुऱ्यात कोरडं, हे आपण दर पावसाळ्यात पाहतो. मोठ्या चौकटीत घाटाची ती भिंत सपाट होऊन जाते.

याच जिल्ह्यात भेंडवळची घटमांडणी होते. अक्षय्य तृतीयेला संध्याकाळी शेतात घट मांडतात, त्यात अठरा धान्यं, मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यावर पाण्याची घागर. पहाटे निरीक्षण करून भाकीत सांगतात, आणि आता ते लगेच व्हॉट्सॲपवर येतं. भाकितावर विश्वास ठेवावा का, हा वाद वेगळा. मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते, ती म्हणजे मांडणी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होते. कोणतं धान्य कुठं ठेवलं, कुठलं ढेकूळ विरघळलं, हे तिथं उभा असलेला कुणीही पाहू शकतो.

महासंगणकाची मांडणी अशी दिसत नाही. ती दिसायची एकच जागा आहे: कोणत्या आवृत्तीनं, कोणत्या कंपायलरनं, कुठल्या लायब्ररीवर हा अंदाज काढला याची नोंद, आणि परत चालवून पाहता येईल अशी जपलेली जुनी आवृत्ती. अंदाज चुकणारच, हवामानाचा स्वभावच तसा आहे. पण सोयाबीनचं बियाणं एकदा मातीत गेलं आणि पावसानं ओढ दिली तर दुबार पेरणीचे पैसे शेतकऱ्याच्या खिशातून जातात. तो अंदाज का चुकला असं त्यानं विचारलं, तर दोष विज्ञानाचा होता की बांधणीचा, हे कुणाला तरी शोधून सांगता आलं पाहिजे. त्यासाठी जागा अडते म्हणून कुणी जुनं फोल्डर पुसायला सांगितलं, की मी आधी विचारते, यावर काढलेलं उत्तर अजून कुणी वापरतंय का?