डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंग (टेक्ससमधील तिकीटमाफी)

वाहतुकीचा किरकोळ नियमभंग करणाऱ्या चालकाने सहा तासांचा सुरक्षित वाहनचालनाचा वर्ग पुरा केल्यास न्यायालयाने त्याच्यावरील आरोप काढून टाकण्याची, अमेरिकेतील टेक्सस राज्यातील पद्धत. बोलण्यात हिला ‘तिकीट माफ होणे’ म्हणतात. हा शब्द फसवा आहे. चालकाला हजेरीच्या तारखेपर्यंत गुन्हा कबूल करून किंवा प्रतिवाद न करता हा वर्ग मागावा लागतो, विम्याचा पुरावा द्यावा लागतो, न्यायालयाचा खर्चही भरावा लागतो आणि ९० दिवसांत वर्गाचे प्रमाणपत्र व स्वतःची चालक-नोंद सादर करावी लागते. सबळ कारणाशिवाय मुदत चुकली, तर दंड चुकत नाही.

वर्गामुळे चालक सुधारतो, असे या सवलतीचे समर्थन केले जाते. पुरावा मात्र त्याला बळ देत नाही. परवानाधारक चालकांच्या शिक्षणाविषयीच्या २४ चाचण्यांच्या कॉक्रेन आढाव्यात, अशा शिक्षणाने अपघात किंवा इजा टळतात असे दिसले नाही. (टेक्ससमध्ये हा वर्ग विनोदी ढंगानेही घेतला जातो, सहा तास निभावणे हेच अनेकांचे ध्येय असते, हे वर्ग चालवणाऱ्यांनीही ओळखलेले दिसते.) मग पद्धत टिकते कशाच्या जोरावर? तिच्या अटींच्या. मर्यादेपेक्षा ताशी २५ मैल किंवा अधिक वेग, ताशी ९५ मैल वा त्याहून जास्त वेग, कामगार हजर असलेल्या बांधकाम-पट्ट्यातील गुन्हा, थांबलेल्या स्कूलबसला ओलांडणे यांना सवलत नाही, आणि ती १२ महिन्यांत एकदाच मिळते. म्हणजे वर्ग शिकवो न शिकवो, अटी क्वचित चुकणाऱ्याला सराईतापासून वेगळे काढतात. नुसता दंड हे करत नाही. तो श्रीमंताला जाणवतही नाही, सहा तास मात्र त्यालाही द्यावे लागतात.

यावर मोठा आक्षेप असा, की आरोप गेल्याने गुन्हा विमा कंपनीपासून लपतो. तो अर्धाच खरा आहे. वर्ग पुरा केल्याची नोंद राज्याच्या सार्वजनिक सुरक्षा विभागाकडे जाते, म्हणून वर्षभरात दुसरी सवलत मागता येत नाही. पण त्या नोंदीवरून विमा कंपनीला हप्ता वाढवता येत नाही. हे झाकणे सर्वांच्याच बाबतीत परवडणारे नाही, हे केंद्रीय नियमांनीही मान्य केले आहे. ट्रक-बससाठीचा व्यावसायिक परवाना असलेल्यांचे गुन्हे असे झाकायला त्यांत मनाई आहे, मग तो चालक त्या वेळी घरची मोटार चालवत का असेना.